काचेपलीकडचा बाबा

निनाद पेठकर जेवायला बसला की त्याचं अर्धं टेबल अंटार्क्टिकावर असायचं आणि अर्धं मिरजेत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं मेणकापड कात्रीनं मधोमध कापलं होतं. हिरव्या कैऱ्यांच्या नक्षीचं, कोरं करकरीत. "अरे, नवंय की ते!" म्हणून केतकी ओरडली, पण तोवर अर्धं त्याच्या ट्रंकेत गेलं होतं. संशोधन केंद्रावर पोचल्यावर त्यानं खोक्यांच्या फळ्यांचं एक टेबल ठोकलं, घरच्याइतक्याच उंचीचं, त्यावर ते मेणकापड अंथरलं आणि टेबल भिंतीला भिडवलं. मिरजेतलं टेबल केतकीनं तिकडच्या भिंतीला भिडवलं. दोन्ही भिंतींवर एकेक मोठा पडदा होता. संध्याकाळी पडदे उजळले की कैऱ्यांची नक्षी इकडून तिकडे सलग जायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला निनादची सात वर्षांची लेक, चैती, वरण-भात कालवत बसलेली दिसायची.

केंद्रावर चौदा माणसं होती. हिवाळा लागला की तिथे जहाज येत नाही, विमान येत नाही. आलेला माणूस जानेवारीपर्यंत अडकला तो अडकला. निनाद तिथला संदेशवहन अभियंता. उपग्रहाशी बोलणाऱ्या तबकड्या त्याच्या ताब्यात, त्यामुळे ही 'खिडकी' त्यानं फावल्या वेळात स्वतःच रचली होती. पडद्याच्या कडेनं बारीक कॅमेरे होते आणि समोरच्याचं डोकं कुठे आहे हे संगणक सतत बघत असे. तुम्ही डावीकडे झुकलात की चित्रही तसं बदलायचं, कपाटाआडची किटली दिसायला लागायची. अगदी खऱ्या खिडकीतून डोकावल्यासारखं. एकच उणीव होती. आपल्या दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं लागतात, आणि खिडकी दोघांना एकच चित्र दाखवायची. त्यामुळे केतकीला ती टीव्हीपेक्षा बरी वाटे, एवढंच.

चैतीला मात्र ती खिडकीच होती, कारण चैती एका डोळ्यानं बघत होती.

तिचा डावा डोळा तिरळा. दूर बघताना सरळ असायचा, जवळचं बघायला गेली की नाकाकडे धाव घ्यायचा. जवळचं नीट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग जोर लावतं, आणि तो जोर लागला की दोन्ही डोळे थोडे आत वळतात. हे आपलं सगळ्यांचंच होतं. चैतीचं मात्र जोर चिमूटभर आणि वळण मूठभर. म्हणून तिला दुहेरी नंबरचा चष्मा, बायफोकल. खालच्या अर्ध्या भागातलं जाड भिंग डोळ्याचं काम परस्पर करायचं आणि डोळा जागेवर राहायचा. असा चष्मा म्हातारी माणसं लावतात हे वर्गातल्या मुलांच्या लगेच लक्षात आलं, आणि शाळेत तिला 'आजोबा' हे नाव पडलं.

पण डोळा जागेवर आला म्हणून मेंदू जागेवर येत नाही. लहानपणी दोन डोळ्यांकडून दोन भलतीच चित्रं यायला लागली, तेव्हा तिच्या मेंदूनं वैतागून डाव्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं. दोन चित्रांमधल्या बारीक फरकावरून आपल्याला खोली कळते, वस्तू पुढे की मागे ते कळतं. चैतीकडे तो फरकच नव्हता. सावल्यांवरून, लहान-मोठ्या आकारांवरून, मान इकडेतिकडे डोलवून ती अंदाज बांधायची. पाणी पेल्याबाहेर ओतायची, चेंडू यायच्या आधीच टाळी वाजवायची. आणि निनादची खिडकी नेमकी मान डोलवण्याला दाद देणारी होती.

"बाबा, आमटी वाढू?" ती रोज विचारायची. उजवा हात खरकटा, म्हणून पळी डाव्या हातात. त्या घरात खरकटा हात पळीला लागला तर केतकीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

"वाढ की," निनाद म्हणायचा. "पण काचेतून कशी देशील? काच उघडली तर इथली सगळी थंडी घरात शिरेल. आईला चालेल?"

मग चैती पळी काचेजवळ धरायची, तो आपल्या डब्यातली आमटी आपल्या वाटीत ओतायचा आणि "वा, आज झणझणीत झाली आहे" म्हणायचा. बाबा विमानानं गेलाय हे तिला ठाऊक होतं. बाबा काचेपलीकडे बसलाय हेही ठाऊक होतं. सातव्या वर्षी या दोन गोष्टींचं आपसांत भांडण नसतं, आणि निनादनंही ते लावून दिलं नव्हतं. बाकीची मंडळी भोजनगृहात एकत्र जेवायची, पत्ते कुटायची. निनादचं तिकडे जाणं हळूहळू बंदच झालं होतं. त्याला गरजच वाटत नव्हती. तो रोज घरी जेवत होता.

ऑगस्टच्या शेवटी केतकीनं चैतीच्या डॉक्टरांना, मृणाल साठ्येंना, बोलण्यात जोडून घेतलं. साठ्येबाई बोलायला मोकळ्या, पण पाल्हाळ नाही.

"चार वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "पहिली, आहे तोच चष्मा चालू ठेवायचा आणि दहा-बारा वर्षांची होईपर्यंत खालच्या भिंगाचा नंबर हळूहळू उतरवत न्यायचा. काही मुलांचा डोळा तेवढ्यात सुधारतो. दुसरी, थेंब. त्यानं जवळचं बघताना ताण कमी पडतो, पण ती वर्षानुवर्षं घालायची गोष्ट नाही. तिसरी, शस्त्रक्रिया. डोळा आत ओढणारा स्नायू थोडा मागे बसवायचा. डोळा सरळ दिसेल, फोटो छान येतील. पण या तिन्हींत मेंदूनं डाव्या डोळ्याशी बोलणं पुन्हा सुरू करावं, याची हमी मी देणार नाही."

"आणि चौथी?" केतकीनं विचारलं.

"चौथी गेल्या दोन वर्षांतली. तान्ह्या मुलाचा मेंदू ओल्या गिलाव्यासारखा असतो, जे उमटेल ते राहतं. वय वाढतं तशी पेशींभोवती एक जाळी घट्ट होत जाते आणि गिलावा वाळतो. आता नाकात घालायचे थेंब निघालेत, ते ही जाळी काही आठवडे सैल करतात. तेवढ्यात नवा चष्मा आणि डोळ्यांचे खेळ देऊन दोन्ही डोळ्यांना एकत्र काम शिकवायचं. जमलं तर तिला खोली दिसेल. खरीखुरी. पण आठव्या वाढदिवसाच्या आत सुरू करायला हवं. नंतर गुण फार कमी येतो."

चैतीचा वाढदिवस नोव्हेंबरात होता. निनाद जानेवारीत परतणार होता.

"खोली दिसायला लागली की मुलं काय म्हणतात माहितीये?" साठ्येबाई हसून म्हणाल्या. "झाडाला आतून जागा आहे म्हणतात. आणि चित्रं चित्रंच वाटायला लागतात."

केतकीही हसली. निनाद मात्र हसला नाही. या वाक्याचा अर्थ तिघांत त्या एकट्याला कळला होता. केतकीला तो पहिल्या दिवसापासून चित्रच दिसत होता, तिला त्यात काय वाटणार?

"घाई नको," तो म्हणाला. "थोडं वाचतो मी यावर."

वाचायचं काय होतं त्यात! त्यानं आधी दुष्परिणामांची शंका काढली, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं म्हणाला, मग मी आल्यावर बघू असंही म्हणून पाहिलं. केतकी एक दिवस भडकलीच.

"तू तिथे बसून नुसता फाटे फोडतोयस. काल खेळाच्या तासाला तिच्या तोंडावर चेंडू बसला. ओठ फुटलाय. तुला खिडकीतून दिसला नाही?"

दिसला होता. पडल्यामुळे फुटला असं चैतीनं सांगितलं होतं आणि त्यानं मानून घेतलं होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य चांगला वर यायला लागला, तेव्हा बाहेरच्या तबकडीवरचं बर्फ काढायला निनाद निघाला. बाहेर पांढरा अंधार होता. वर ढग पांढरे, खाली बर्फ पांढरं, आणि उजेड चहूकडून सारखा, त्यामुळे सावली नावाची चीजच नाही. असं झालं की दोन डोळे असून उपयोग नसतो. डोळ्यांना धरायला काही नसतंच. वाटेवर लाल निशाणं रोवलेली होती. समोर एक दिसलं, हातभरावर आहे असं वाटून त्यानं हात पुढे केला आणि मुठीत वारा आला. निशाण होतं कुठेतरी शंभर पावलांवर. पुढचं पाऊल टाकलं तर खाली जमीनच नव्हती. कमरेइतक्या खळग्यात तो तोंडावर आपटला. ओठातून रक्त आलं.

कमरेला दोर होता, जिवाला धोका नव्हता. पण तो तसाच बसून राहिला. त्याला लाज वाटत होती. त्याची पोर रोज अशीच मूठ मिटत होती आणि मुठीत काही येत नव्हतं, आणि बापाला ते सोयीचं होतं. तिला खोली दिसत नाही म्हणून तर त्याचं घर शाबूत होतं.

परत आल्यावर कपडेही न बदलता त्यानं केतकीला सांगितलं, "सुरू कर. उद्याच."

उपचार सुरू झाले. संध्याकाळी नाकात थेंब, मग दोनेक तास दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळायचं, वाचायचं, जेवायचं. साठ्येबाईंनी बजावलं होतं, "थेंब घातल्यावर एक डोळा झाकायचा नाही, चोळायचा नाही. गिलावा ओला असताना ज्या डोळ्याला काही दिसत नाही, त्याची जागा दुसरा बळकावतो. मग त्याची नजर कायमची मंदावते." नव्या चष्म्याचं भिंग पातळ द्रवाचं होतं, नजर जिथे जाईल तसा नंबर आपोआप बदलायचा. मधली रेघ गेली, त्याबरोबर 'आजोबा' हे नावही गेलं.

तिसऱ्या आठवड्यात चैती शाळेतून ओरडतच आली. जिन्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या झाल्या होत्या. गॅलरीतल्या कुंडीतली तुळस पानापानांत सुटली होती, आणि पानांमध्ये जागा होती. केतकी हे फोनवर सांगताना रडत होती, निनादही रडला. मग संध्याकाळ झाली आणि तो मेणकापडाशी जाऊन बसला.

पडदा उजळला. चैती धावत आली आणि मध्येच थबकली. तिनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बोट पुढे करून काचेला टेकवलं.

"बाबा," ती म्हणाली, "तू भिंतीवर आहेस."

"कसा?"

"सपाट. टेबलपण सपाट. माझं टेबल इथे संपतं." तिनं कडेवरून बोट फिरवलं. "पुढचं नुसतं चित्र काढलेलं आहे."

निनादनं हसायचा प्रयत्न केला. ती ताट घेऊन बसली, पण आमटीचं विचारलं नाही. कॅलेंडरसमोर बसून जेवावं तशी जेवली आणि उठून गेली.

दोन-तीन दिवस असेच गेले. आणि मग एका संध्याकाळी चैती पुन्हा पहिल्यासारखी आली. बसली, उजव्या हातानं भात कालवला, डावं कोपर टेबलावर टेकवलं, गाल तळव्यात ठेवला आणि भरभरून बोलायला लागली. शाळा, बाई, नवी मैत्रीण, तिचं मांजर. निनाद सुखावला. ही सवयीनं सरावली, असं त्याला वाटलं. जेवताना डावा हात मोकळाच असतो, तो गालावर असण्यात नवल काय? केतकी ओट्याशी पाठमोरी उभी राहून गरम भाकऱ्या थापत होती. तिला तर काहीच दिसत नव्हतं.

आठवड्यानं साठ्येबाईंचा फोन आला, केतकीनं निनादलाही जोडून घेतलं. सूर बदललेला होता. "सुधारणा थांबली आहे. उलट डाव्या डोळ्याची नजर किंचित उतरली आहे. चष्मा डोळ्यांची नोंद ठेवतो. ती सांगते, संध्याकाळी डावा डोळा बराच वेळ मिटलेला असतो. मुलगी जेवताना पेंगते का?"

"छे हो," केतकी म्हणाली. "जेवताना तर नुसती बडबडत असते."

संध्याकाळी निनादनं नीट पाहिलं. गालावरच्या तळव्याची दोन बोटं चष्म्याच्या खाली सरकलेली होती आणि डाव्या पापणीवर घट्ट दाबलेली होती.

"चैती, डोळ्यावरचा हात काढ बघू."

"नको."

"काढ, राजा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

तिनं हात काढला. काढताक्षणी तिचा चेहरा विझला. ती त्याच्याकडे बघत होती, पण त्याला नाही, भिंतीला बघत होती.

"हात काढला की तू जातोस," ती म्हणाली. "झाकला की येतोस."

उद्यापासून झाकू नकोस, असं निनादनं तिच्याकडून कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी पिता पिता झाकला. तिसऱ्या दिवशी खरकट्याच हातानं. सात वर्षांच्या पोरीला बाप आणि डोळा यांतलं एक निवडायला सांगितलं तर ती काय निवडणार? तिनं आपलं निवडून टाकलं होतं. आता निवडायचं त्याला होतं.

त्या संध्याकाळी तिचं जेवण संपेपर्यंत तो थांबला. मांजराची उरलेली गोष्ट ऐकली. मग म्हणाला, "चैती, उद्यापासून काचेवर बर्फ जमणार आहे. जाड. इकडचं तिकडे दिसणार नाही."

"कधीपर्यंत?"

"मी येईपर्यंत."

"मग आमटी?"

"आल्यावर वाढ."

ती गेल्यावर त्यानं केतकीला खरं काय ते सांगितलं. "मला वाटायचं, तिला मजा वाटते म्हणून बसते," केतकी म्हणाली. "निनाद, फोनवर बोलत जा रे तिच्याशी."

"बोलेन की." मग त्यानं उठून स्वतःच्या हातानं खिडकीची वायर काढली.

फोन तो रोज करायचा. पण लहान मुलं फोनवर काय बोलतात? "हं." "नाही." "जेवले." "आईला देऊ?" खिडकीत तासभर चालणारी चैती फोनवर चार शब्दांत संपायची. तिचा डोळा सुधारत होता, ती पेला न सांडता भरत होती, चेंडू झेलत होती. हे सगळं त्याला केतकीकडून कळायचं. ऐकून आनंद व्हायचा, आणि तो आनंद कुणाला सांगावा ते कळायचं नाही. भोजनगृहात एक-दोनदा जाऊन बसला. तिथे वर्षभरात सगळ्यांचे विनोद आपसांत ठरून गेले होते, कशावर हसतात हेच त्याला उमगेना. परत येऊन तो खोक्यांच्या टेबलाशी बसला. समोर काळा पडदा, त्यात त्याचंच तोंड. कैऱ्यांची नक्षी भिंतीपाशी येऊन तुटत होती. एवढा एकटा तो पहिल्या दिवशीही नव्हता.

तरी एकदाही त्यानं वायर जोडली नाही. हात मात्र दोन-तीनदा तिच्यापर्यंत जाऊन आला.

जानेवारीत जहाज आलं.

मिरजेच्या घराचं दार केतकीनं उघडलं. चैती तिच्या मागे उभी होती. उंच झाली होती. डोळे सरळ, टपोरे, दोन्ही एकाच जागी बघणारे. निनाद गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हात पसरले. ती पुढे आली नाही. पाहुण्याकडे बघावं तसं नीट, वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"अगं, बाबा की!" केतकी म्हणाली.

"हो," चैती म्हणाली आणि अदबीनं आत पाणी आणायला गेली. पेला काठोकाठ भरलेला, थेंब सांडला नाही.

जेवायच्या वेळी केतकीनं टेबल भिंतीपासून ओढून मधे घेतलं. निनादनं ट्रंकेतून आपलं अर्धं मेणकापड काढलं आणि दुसऱ्या अर्ध्याला लावून अंथरलं. त्याच्यावर किटलीचे गोल डाग पडले होते, रंग उडाला होता. कैऱ्या जुळल्या, पण जोड लपत नव्हता. चैती पलीकडे बसली, तो अलीकडे. ती गप्प जेवत होती. मग हळूच तिचं डावं कोपर टेबलावर आलं, गाल तळव्यात गेला आणि बोटांनी डोळा झाकला.

"आता आहेस," ती स्वतःशीच म्हणाली. आणि हसली.

केतकी काही बोलणार होती, निनादनं नजरेनंच तिला थांबवलं. थेंब केव्हाच बंद झाले होते, आता झाकल्यानं डोळ्याला काही होणार नव्हतं. पण इतक्या लांबून येऊन आपल्याच पोरीसमोर तो चित्र होऊन बसला होता, आणि चित्र हललं तर ती पुन्हा घाबरेल म्हणून मानही वळवत नव्हता.

मग त्यानं वाटी पुढे सरकवली.

"चैती, आमटी वाढतेस?"

तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. भातानं बरबटलेला. तिनं आईकडे पाहिलं. आईची नजर पळीवरच होती. क्षणभर ती तशीच बसली. मग डोळ्यावरचा हात निघाला, पळीकडे गेला, आणि तिनं जोडावरून वाकून आमटी वाढली. धार सरळ वाटीत पडली.

"अजून?"

"अजून."

त्यानं वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि पुन्हा पुढे केली. तिनं वाढलं. तो प्यायला. वाटी पुन्हा पुढे आली.

"बाबा, पोट दुखेल," चैती म्हणाली. पळी हातातच होती. ती दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, पायऱ्या मोजल्यासारखं.

"काय गं?"

"तुझं नाक पुढे आलंय."

"आधी नव्हतं?"

"आधी गालाएवढंच होतं."

तिनं पळी ठेवली. डावा हात उचलला, तो सवयीनं डोळ्याकडे निघाला आणि वाटेत थांबला. मग मेणकापडाच्या जोडावरून पुढे आला, न चाचपडता, आणि बोट बरोबर निनादच्या नाकाच्या शेंड्यावर टेकलं.

मध्ये काच नव्हती.